ड्राय हॉपिंग: हॉप्सचा वास बिअरमध्ये उतरवायचा आणि टिकवायचा

पाकीट उघडलं की खोलीभर दरवळणारे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं), आणि तीन आठवड्यांनी ग्लासात आलेली बिअर मात्र जेमतेम वासाची. घरी बिअर करणाऱ्यांच्या पहिल्या काही ड्राय हॉप बॅचेस बऱ्याचदा अशाच निघतात. मग पुढच्या वेळी हात सैल सोडून दुप्पट हॉप्स टाकले जातात. त्याने वास फारसा वाढत नाही. बिअर तुरट होते आणि लिटरभर जास्तीची बिअर गाळात जाते. वास जातो तो बहुतेक वेळा शिळ्या हॉप्समुळे, चुकलेल्या वेळेमुळे आणि सगळ्यात जास्त आत शिरलेल्या हवेमुळे. म्हणून हॉप्स वाढवण्याआधी या गोष्टी नीट करायच्या. खालची सगळी मापं २० लिटरच्या बॅचसाठी आणि पेलेट म्हणजे दाबलेल्या गोळ्यांच्या स्वरूपातल्या हॉप्ससाठी आहेत.

आधी थोडं का आणि कसं

हॉप्सचं फूल उकललं की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. हे लुपुलिन. कडवटपणा देणारी अल्फा आम्लं आणि वास देणारी तेलं, दोन्ही यातच असतात. अल्फा आम्लांना उकळी लागते, त्याशिवाय ती नीट कडवटपणा देत नाहीत. तेलांचं नेमकं उलटं आहे. मिर्सीनसारखी तेलं उकळत्या वर्टमधून (आंबून बिअर होणाऱ्या माल्टच्या गोड पाण्यातून) वाफेबरोबर उडून जातात. उकळीतून वाचलेल्यांपैकी काही फर्मेंटेशनच्या, म्हणजे आंबण्याच्या, बुडबुड्यांबरोबर निघून जातात. गार झालेल्या, बऱ्यापैकी आंबून झालेल्या बिअरमध्ये हॉप्स भिजत घातले की ही दोन्ही गळती टळते. ड्राय हॉपिंग ते एवढंच. ‘ड्राय’ या शब्दावर जाऊ नका, हॉप्स चांगले चिंब भिजतात.

पायरी १: हॉप्स पारखून घ्या

पाकिटावर पहिल्यांदा बघायचं ते हंगामाचं वर्ष. उत्तर गोलार्धात हॉप्सची तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात होते, तर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पाकीट अपारदर्शक फॉइलचं, हवा काढून किंवा नायट्रोजन भरून बंद केलेलं असावं. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, दुकानाच्या उघड्या फळीवर पडलेले हॉप्स स्वस्तात मिळाले तरी ड्राय हॉपिंगसाठी घेऊ नका.

पाकीट उघडल्यावर एक गोळी तळहातावर घ्या, अंगठ्याने चुरडा, दोन्ही हातांत जोरात चोळा आणि तळवे नाकाशी धरा. चोळताना हाताला चिकटपणा जाणवायला हवा. वास ताजा, तीक्ष्ण, फळांचा किंवा पाइनच्या चिकाचा यायला हवा. जुनं चीज, घामट मोजे किंवा वाळक्या कागदासारखा वास आला, किंवा गोळी हिरवी असायची ती तपकिरी दिसली, तर ते हॉप्स टाकून द्या. उकळीत जुने हॉप्स थोडेफार झाकले जातात. ड्राय हॉपिंगमध्ये पाकिटातला वास जसाच्या तसा ग्लासात येतो, चांगलाही आणि वाईटही.

उरलेले हॉप्स पाकिटातली हवा दाबून काढून, घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये उणे १८ अंश सेल्सियसला ठेवा. घरी व्हॅक्यूम सीलर असेल तर उत्तम. उघडलेलं पाकीट पुढच्या एकदोन बॅचेसमध्ये संपवलेलं बरं.

पाकिटावरचा अल्फा आम्लांचा आकडा कडवटपणाचा हिशेब करायला असतो, वासाबद्दल तो फारसं सांगत नाही. वासासाठी एकूण तेलाचा आकडा बघा. साझसारख्या जुन्या युरोपीय जातीत १०० ग्रॅममागे साधारण १ मिली किंवा त्याहूनही कमी तेल असतं. सिट्रात ते बहुधा २ मिलीच्या आसपास किंवा पुढे जातं.

जात निवडताना सुरुवातीला एकच घ्या. कॅस्केड १९७२ पासून वापरात आहे. तिचा वास ग्रेपफ्रूट आणि फुलांचा, आणि नवख्याच्या हातूनही ती सहसा बिघडत नाही. सिट्रा म्हणजे लिंबूवर्गीय फळं, आंबा, लिची. मोझॅक म्हणजे बेरी आणि उष्ण प्रदेशातली फळं. सिमको पाइन आणि मातकट वासाची. नेल्सन सॉव्हिन न्यूझीलंडची, पांढऱ्या वाइनची आठवण करून देणारी. एकेका जातीची एकेक बॅच करून नाक तयार झालं की मगच मिश्रणाकडे वळा. पहिल्याच बॅचमध्ये पाच जाती घातल्या तर बिघडलं काय आणि जमलं काय, यातलं काहीच कळत नाही.

पायरी २: किती घालायचे

हिशेब लिटरमागे ग्रॅममध्ये करा. हलक्या ब्लाँड एल किंवा लागरला १ ते २ ग्रॅम पुरतात. पेल एलला ३ ते ४, आयपीएला (हॉप्स भरपूर असलेल्या इंडिया पेल एलला) ५ ते ६, आणि धूसर, रसाळ न्यू इंग्लंड आयपीएला ८ च्या आसपास. म्हणजे २० लिटर आयपीएला १०० ते १२० ग्रॅम.

याच्या वर जाण्याचा मोह आवरा. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत स्कॉट लाफाँटेन आणि थॉमस शेलहॅमर यांनी कॅस्केडवर केलेलं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांना असं दिसलं की लिटरमागे ८ ग्रॅमच्या पुढे हॉप्स वाढवले तरी वासाची तीव्रता त्या प्रमाणात वाढत नाही, उलट तो लिंबूवर्गीय न राहता पाल्याकडे, चहाच्या पत्तीकडे झुकतो. घरच्या बॅचला ४ ते ८ ग्रॅमचा पट्टा भरपूर झाला.

लुपुलिन वेगळं काढून केलेल्या क्रायो प्रकारच्या गोळ्या वापरत असाल तर वजन निम्मं धरा. त्यात पाला कमी असल्याने गाळ आणि तुरटपणाही कमी.

हॉप्स बिअर पितात हे विसरू नका. १०० ग्रॅम गोळ्या फुगून पाऊण ते एक लिटर बिअर धरून ठेवतात, तेव्हा वर्टच २१ ते २२ लिटर करा. शिवाय ड्राय हॉपिंगने बिअरचा पीएच वर सरकतो, लिटरमागे ४ ग्रॅमला साधारण ०.१ ते ०.१५ ने. ४.४ ची बिअर ४.६ वर गेली की चव बोथट, जड लागते. पीएच मीटर असेल आणि डोस मोठा असेल तर उकळीच्या शेवटी थोडं लॅक्टिक आम्ल घालून वर्ट ५.० च्या आसपास आणून ठेवा.

पायरी ३: वेळ साधा

यावर जितकी तोंडं तितकी मतं आहेत. नवख्याने सगळे हॉप्स एकदाच आणि फर्मेंटेशनच्या शेवटाला घालावेत. ऐन भरात घातले तर यीस्ट हॉप्सच्या तेलातल्या जिरॅनिऑलसारख्या घटकांचं रूपांतर करतं आणि वास बदलतो, हे खरं आहे. पण त्याच वेळी जोरात निघणारा कार्बन डायऑक्साइड वास बाहेर काढत असतो आणि खाली बसणारं यीस्ट तेलं चिकटवून घेतं. महागडे हॉप्स एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतून) खोलीत सोडण्यात फायदा काय?

तुमच्याकडे काय सोय आहे त्यावर दोन मार्ग ठरतात.

बाटल्या भरणारे आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नसलेले: हायड्रोमीटरवर (बिअरची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणाऱ्या साधनावर) अंतिम ग्रॅव्हिटीच्या ३ ते ५ पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) वर असताना हॉप्स घाला. शेवट १.०१२ ला अपेक्षित असेल तर १.०१६ च्या सुमारास. यीस्ट अजून जागं असतं, झाकण उघडताना आत गेलेला ऑक्सिजन ते बरंचसं खाऊन टाकतं. तापमान १८ ते २० अंशांवरच ठेवा.

फ्रीज, सिलिंडर आणि केग (बिअर दाबाखाली ठेवायची धातूची टाकी) असणारे: फर्मेंटेशन पूर्ण होऊन बटरचा वास (पायरी ६ बघा) जाऊ द्या. मग बिअर १३ ते १५ अंशांवर आणून एक दिवस यीस्ट खाली बसू द्या, जमल्यास तळातून काढा आणि मग हॉप्स घाला. यीस्ट कमी असल्याने वास स्वच्छ उतरतो. मात्र इथे ऑक्सिजन खाणारं कोणी उरलेलं नसतं, त्यामुळे हवेची काळजी दुप्पट.

पायरी ४: हवा बाहेर ठेवा

हॉप्सच्या वासाला ऑक्सिजनइतकं दुसरं काहीच मारत नाही. हॉप्समधून बिअरमध्ये मँगनीज उतरतं आणि ते ऑक्सिडेशनला हातभार लावतं, त्यामुळे जितके हॉप्स जास्त तितकी बिअर नाजूक. ओट्स घातलेल्या धूसर बिअरचं तर विचारूच नका. सोनेरी रंग आठ दिवसांत करडा, मग तपकिरी होतो आणि आंब्याच्या वासाच्या जागी मध आणि ओला पुठ्ठा येतो.

म्हणून ड्राय हॉपिंगसाठी बिअर दुसऱ्या भांड्यात काढण्याची जुनी शिफारस सोडून द्या. पहिल्याच फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, घाला. गोळ्या आधी मोजून, तोंड मोठं असलेल्या कोरड्या भांड्यात तयार ठेवा. झाकण उघडायचं, ओतायचं, बंद करायचं; सगळं १० सेकंदांत. सिलिंडर असेल तर उघडताना वरून कार्बन डायऑक्साइडचा मंद झोत चालू ठेवा आणि बंद केल्यावर मोकळी जागा काही वेळा भरून सोडा.

झाकण न उघडण्याची एक युक्ती फार उपयोगी आहे. अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकमध्ये सील केलेलं एक चुंबक हॉप्सच्या पिशवीत ठेवायचं, फर्मेंटरच्या आत वरच्या बाजूला ती पिशवी बाहेरून दुसऱ्या चुंबकाने धरून ठेवायची, आणि वर्ट भरून झाकण लावायचं. फर्मेंटेशनमधून निघणाऱ्या वायूने आतली हवा आपोआप हाकलली जाते. वेळ आली की बाहेरचं चुंबक काढायचं, पिशवी खाली पडते. पिशवी फेसाच्या वर राहील एवढी जागा मात्र हवी.

हॉप्स निर्जंतुक करायची गरज नसते. ते स्वतःच बऱ्याच जीवाणूंना रोखतात आणि तोवर बिअरमध्ये अल्कोहोल आणि आम्लता आलेली असते. पिशवी, वजनं, चमचे, कात्री यांना मात्र सॅनिटायझरमधून काढायलाच हवं. पिशवी १० मिनिटं उकळून घेतली तरी चालेल.

पायरी ५: सुट्टे घाला, हलके घोळवा

गोळ्या सुट्ट्या टाकल्या तर वास उत्तम उतरतो. बारीक जाळीच्या पिशवीत घट्ट कोंबल्या तर त्या फुगून दगडासारखा गोळा होतो आणि मधला भाग कोरडाच राहतो. बॅचच्या शेवटी अशी पिशवी कापून बघा, आत हिरवी कोरडी भुकटी सापडेल. पिशवी वापरायचीच असेल तर एक तृतीयांशच भरा आणि ती बुडावी म्हणून स्टीलचं वजन टाका, नाहीतर ती वर तरंगत बसते.

टाकताना एकदम ओतू नका. बिअरमध्ये विरघळलेला वायू गोळ्यांच्या खरबरीत पृष्ठभागावर झपाट्याने सुटतो आणि फेस उसळून वर येतो. आधी चिमूटभर टाका, फेस खाली बसू द्या, मग बाकीचे. भरलेल्या, गॅसयुक्त केगमध्ये हॉप्स टाकायचे असतील तर आधी दाब पूर्ण सोडा. तरीही जवळ फडकं ठेवाच.

पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बंद फर्मेंटर हलकेच गोल फिरवा. खाली बसलेले हॉप्स पुन्हा वर येतात आणि वास लवकर उतरतो. १८ ते २० अंशांना बहुतेक वास पहिल्या २४ ते ४८ तासांतच उतरतो. २ ते ३ दिवस पुरे. १३ ते १५ अंशांना ३ ते ४ दिवस द्या. आठवडाभर ठेवून वाढते ती फक्त पाल्याची, कापलेल्या गवताची चव.

पायरी ६: हॉप क्रीप संपू द्या

बाटल्या भरणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

हॉप्समध्ये थोडे एन्झाइम असतात. यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या डेक्स्ट्रिनचे ते पचतील असे तुकडे करतात, आणि थांबलेलं फर्मेंटेशन पुन्हा हळूहळू सुरू होतं. याला आता हॉप क्रीप म्हणतात, पण ब्राउन आणि मॉरिस या दोघा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्येच हे नोंदवलं होतं. ग्रॅव्हिटी आणखी २ ते ४ पॉइंट खाली येऊ शकते. यातून दोन दुखणी उद्भवतात.

पहिलं, बाटल्या फुटणं. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट बंद बाटलीत आंबला तर साधारण अर्धा व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या पटीत वायूचं माप) कार्बन डायऑक्साइड वाढतो. लिटरमागे ६ ग्रॅम साखर घालून तुम्ही २.४ व्हॉल्यूमची बिअर भरलीत आणि आत ३ पॉइंट क्रीप झालं, तर ती जवळपास ३.९ वर जाते. साध्या काचेच्या बाटलीला हा दाब झेपेलच असं नाही. म्हणून हॉप्स घातल्यानंतर ग्रॅव्हिटी सलग तीन दिवस एकसारखी आल्याशिवाय बाटली भरू नका. हॉप्स घालण्यापूर्वीचा स्थिर आकडा इथे उपयोगाचा नाही.

दुसरं, बटर. पुन्हा जागं झालेलं यीस्ट डायअसेटिलचा पूर्वघटक सोडतं. तो बिनवासाचा असतो, म्हणून भरताना कळत नाही. बाटलीत त्याचं डायअसेटिल होतं आणि बिअरला पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास मारतो. चाचणी सोपी आहे. दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर घ्या आणि दोन्ही झाका. एक ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्ही आळीपाळीने हुंगा. गरम केलेल्यात बटर जाणवलं तर बिअर आणखी दोन-तीन दिवस १८ ते २० अंशांवर ठेवा आणि पुन्हा चाचणी करा. दोन्ही ग्लास सारखेच वाटले की पुढे जा.

१४ अंशांवर हॉप्स घातले तर क्रीप मंद होतं, पण नाहीसं होत नाही. त्या मार्गाने गेलात तर बिअर केगमध्ये कायम थंड ठेवा.

पायरी ७: गार करा आणि गाळाविना काढा

बिअर ० ते ४ अंशांवर ४८ तास ठेवली की हॉप्स तळाशी बसतात. गार होताना आतला वायू आकुंचन पावतो आणि काही बिअरमध्ये विरघळतो, त्यामुळे फर्मेंटर एअरलॉकमधून बाहेरची हवा शोषून घेतो, कधी एअरलॉकमधलं पाणीही. इतकी काळजी घेऊन शेवटच्या दोन दिवसांत घात होतो तो इथे. एअरलॉकच्या जागी फर्मेंटेशनच्या काळात भरून घेतलेला कार्बन डायऑक्साइडचा फुगा जोडा, किंवा सिलिंडरमधून अगदी कमी दाब लावून ठेवा. दोन्ही नसेल तर गार करणं वगळा आणि सायफनच्या टोकाला निर्जंतुक केलेली जाळी बांधून काढा. थोडा गाळ आला तरी परवडतो.

सायफनचं टोक गाळाच्या वर धरा, शेवटचा अर्धा लिटर सोडून द्या. नळीचं दुसरं टोक बाटलीच्या किंवा केगच्या तळापर्यंत पोहोचू द्या, खळखळाट होऊ देऊ नका. केग रिकामा असताना सॅनिटायझरने काठोकाठ भरून तो कार्बन डायऑक्साइडने ढकलून काढलात, तर आत हवा जवळपास उरत नाही. बाटलीत जितकी कमी मोकळी जागा तितकं बरं.

काय बिघडलं ते ओळखा

घशात जळजळ, मिरीसारखी झोंबणारी चव म्हणजे हॉप बर्न. बिअरमध्ये हॉप्सचे बारीक कण आणि पॉलिफेनॉल नावाचे तुरट घटक तरंगत असतात. बिअर टाकू नका, थंडीत आठवडाभर उभी ठेवा, बहुतेक वेळा ती निवळते.

पहिल्या आठवड्यात सुरेख वास आणि महिन्याभरात काहीच नाही, रंगही काळवंडलेला: हवा. पायरी ४ आणि ७ तपासा. वास पहिल्या दिवसापासूनच फिका असेल तर हॉप्स शिळे, किंवा पिशवी घट्ट. गवताची चव आली तर जास्त दिवस ठेवलेत, किंवा डोस मोठा होता.

वास चांगला पण चव पाणचट असेल तर ड्राय हॉप्सना दोष देऊ नका, त्यांना खालून आधार नाही. उकळी थांबवून वर्ट ७५ ते ८० अंशांवर आल्यावर त्यात लिटरमागे २ ते ३ ग्रॅम हॉप्स २० मिनिटं भिजवा. पाण्यातले क्षारही बघा. सल्फेट जास्त असेल तर हॉप्सचा कडवटपणा कोरडा, धारदार लागतो, क्लोराइड जास्त असेल तर बिअर भरीव आणि मऊ.

तयार झाल्यावर बाटल्या थंड ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांत संपवा. ही मुरवायची बिअर नव्हे. तळाशी उरलेला हॉप्सचा चोथा लगेच झाकणाच्या डब्यात टाका, विशेषतः घरात कुत्रा असेल तर. हॉप्स खाल्ल्याने कुत्र्यांचं शरीर धोकादायक तापतं आणि जीवही जाऊ शकतो; वापरलेले हॉप्सही तितकेच घातक. बागेत खत म्हणून टाकणार असाल तर कुत्रा पोहोचणार नाही अशा जागी खोल पुरा.